रेफ्रीचे स्थान : फुटबॉलमधील पंचाधिकार व व्हिडिओ-पडताळणी यांचा ऐतिहासिक विचार

१

फुटबॉलच्या सामन्यात पंचाने दिलेला निर्णय चित्रफीत पाहून पुन्हा तपासण्याची पद्धती मार्च २०१८ मध्ये खेळाच्या नियमावलीत अधिकृतपणे समाविष्ट झाली. तेव्हापासून या विषयावर जी चर्चा चालू आहे तिच्यात दोन विधाने वारंवार आढळतात. पंचगिरीचा दर्जा अलीकडे घसरला आणि म्हणून यंत्राचा आश्रय घेणे भाग पडले, हे पहिले. मैदानाबाहेरील व्यक्तीने मैदानावरील निर्णयात हात घालावा ही या खेळाच्या परंपरेत कधीच न घडलेली गोष्ट होय, हे दुसरे. ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिल्या विधानात साधनांची वाढ हीच घटनांची वाढ समजण्याची चूक आहे. दुसऱ्याच्या बाबतीत तर वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. रेफ्री हा अधिकारी मुळात मैदानाबाहेरच उभा होता. त्याला आत आणले ते १८९१ साली, आणि तेही व्यावसायिक खेळाच्या गरजेपोटी. या स्थानांतराने काय साधले आणि व्हिडिओ-पडताळणीमुळे त्यातील काय टिकले व काय गेले, एवढ्याच मर्यादेत येथे विचार करावयाचा आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत आपण अंपायर व रेफ्री या दोघांनाही 'पंच' म्हणतो. फुटबॉलच्या आरंभकाळात हे दोन भिन्न अधिकारी असल्यामुळे त्या काळापुरते मूळ शब्दच वापरले आहेत. त्यानंतरच्या काळासाठी 'पंच' हा शब्द योजला आहे.

२

लंडनमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली व तिने पहिली नियमावली तयार केली. त्या नियमावलीत पंचाचा उल्लेखच नाही. आज हे आश्चर्याचे वाटेल. परंतु ज्यांनी ते नियम केले त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हते. खेळणारे सर्व सभ्य गृहस्थ आहेत, नियमभंग झाला तर चुकून होईल आणि दोन कर्णधार आपसात बोलून त्याचा निकाल लावतील, असे त्यात गृहीत धरले होते.

तथापि चषकासाठी सामने सुरू होताच हे गृहीत अपुरे पडू लागले. असोसिएशनच्या चषक स्पर्धेचा पहिला अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हल येथे झाला. त्यास दोन अंपायर व एक रेफ्री होते. सर्वसाधारण नियमावलीत अंपायरांचा उल्लेख १८७४ साली, आणि रेफ्रीचा १८८१ साली आला. या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रत्येक संघाचा एक अंपायर असे. खेळाडूंनी दाद मागितल्यावाचून तो निर्णय देत नसे; क्रिकेटमध्ये अपील केल्याशिवाय फलंदाज बाद दिला जात नाही, तसाच हा प्रकार होता. दोन अंपायरांचे एकमत झाले तर प्रश्न तेथेच मिटे. मतभेद झाला तरच प्रकरण रेफ्रीकडे जाई, आणि रेफ्री असे सीमारेषेच्या बाहेर. ज्याच्याकडे प्रकरण सोपवले जाते तो, हा त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच आहे. सारांश, त्या काळचा रेफ्री हा सामना चालविणारा अधिकारी नव्हता. तो वादाचा निवाडा करणारा, काहीसा अलिप्त असा वरिष्ठ होता.

ही व्यवस्था मोडली ती पैशामुळे. असोसिएशनने १८८५ साली व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. प्रेक्षकांच्या तिकिटांवर क्लबांचे उत्पन्न आणि सामन्यांच्या निकालावर क्लबांचे स्थान अवलंबून राहू लागल्यावर, प्रत्येक अंपायर आपल्याच संघाची बाजू घेणार हे ओघानेच आले. दाद मागणे, वाद होणे, तो बाहेरच्या रेफ्रीकडे जाणे आणि तोवर खेळ खोळंबणे, हा क्रम वेतन घेऊन खेळणाऱ्यांच्या वेगवान खेळाला मानवेना. १८९१ साली अंपायर हे पद रद्द करण्यात आले. ते दोघे लाइन्समन होऊन रेषेवर गेले आणि रेफ्री मैदानात आला. पेनल्टी किकचा नियमही त्याच वर्षी झाला. सूचना आयर्लंडच्या असोसिएशनकडून आली होती, आणि सभ्य गृहस्थ मुद्दाम नियम मोडतील असे गृहीत धरणे हाच आपला अपमान आहे, अशी अनेक हौशी खेळाडूंची भावना झाली होती. हे दोन बदल एकाच वर्षी व्हावेत हा योगायोग मानता येत नाही. परस्परविश्वासावर चालणाऱ्या खेळाच्या जागी अधिकारावर चालणारा खेळ आला, हाच दोहोंचा अर्थ होय. पुढील काही वर्षांत दाद मागण्याची अटही नाहीशी झाली आणि रेफ्री स्वतः पाहून, स्वतः शिट्टी वाजवून निर्णय देऊ लागला.

३

या नव्या व्यवस्थेचा पाया एका तत्त्वावर होता. खेळाशी संबंधित वस्तुस्थितीबाबत पंचाचा निर्णय अंतिम राहील, हे ते तत्त्व. पंच चुकत नाही, असा त्याचा अर्थ कोणीही कधी केला नव्हता. चूक होईल, परंतु ती चूक कोणाची हे सर्वांना ठाऊक असेल आणि खेळ पुढे चालू राहील, एवढेच त्यात अभिप्रेत होते. आपल्याकडे 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात. त्यातही पाच माणसे सर्वज्ञ असतात असा दावा नाही; निवाडा कोठेतरी संपला पाहिजे आणि तो संपल्यावर गावाने एकत्र नांदले पाहिजे, हा व्यवहार आहे. फरक इतकाच की फुटबॉलने हा परमेश्वर एकाच मुखी आणून बसविला.

हे एक मुख सुमारे पाऊणशे वर्षे फारसे आव्हान न मिळता टिकले, याचे कारण उघड आहे. पंचाने जे पाहिले त्याहून अधिक चांगले कोणी पाहिले होते, असे सिद्ध करण्याचे साधनच नव्हते. वृत्तपत्रांतील वर्णने होती, प्रेक्षकांच्या आठवणी होत्या. परंतु त्या परस्परविरोधी असत. पूर्वीचे पंच अधिक अचूक होते, असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घेतला पाहिजे. ज्या काळातील चुकांची नोंदच झाली नाही त्या काळात चुका कमी होत्या, असे म्हणण्यास आधार नाही. दफ्तर जपून ठेवणाऱ्या गावातील तंटे आपल्याला अधिक दिसतात, म्हणून ते गाव अधिक तंटेखोर ठरत नाही.

दूरचित्रवाणीने ही नोंद ठेवण्यास आरंभ केला. ३० जुलै १९६६ रोजी वेम्बली येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत २–२ अशी बरोबरी असताना इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूस लागून खाली आपटला. स्वित्झर्लंडचे पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांनी सोव्हिएत संघातील अझरबैजानचे लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांना विचारले व गोल दिला. इंग्लंडने सामना ४–२ असा जिंकला. चेंडूने रेषा ओलांडली होती की नाही हा वाद चित्रफितीच्या आधारे दशकानुदशके चालला. १९९० नंतरच्या दशकात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने चित्रांची मोजणी केली, आणि चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला नव्हता असा निष्कर्ष काढला. निकालात अर्थातच काही फरक पडला नाही. त्यांच्या देशात बहरामोव्ह यांचे नाव राष्ट्रीय क्रीडागृहाला मिळाले. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत मॅराडोनाने हाताने केलेला गोल ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासर यांना दिसला नाही, पण घरी बसलेल्या प्रेक्षकांना तो पुनःपुन्हा दाखविण्यात आला. पंचाची पाहण्याची शक्ती कमी झाली नव्हती. इतरांची वाढली होती.

४

अंतिमत्वाच्या तत्त्वाची कसोटी जर्मनीतील दोन प्रकरणांत विशेष स्पष्टपणे दिसते. २३ एप्रिल १९९४ रोजी म्युनिक येथे बायर्न व नुरेंबर्ग यांच्या सामन्यात थॉमस हेल्मर याने जवळून मारलेला चेंडू गोलखांबाच्या बाहेरून गेला असताही गोल देण्यात आला. जर्मन फुटबॉल संघटनेने चित्रफितीचा पुरावा मानून सामना पुन्हा खेळविला. नुरेंबर्गला त्याचा लाभ झाला नाही. मूळ सामना त्यांनी १–२ असा गमावला होता; फेरसामन्यात ते ०–५ असे हरले. पुढे १८ ऑक्टोबर २०१३ रोजी हॉफेनहाइमच्या मैदानावर लेव्हरकुसेनच्या श्टेफान कीसलिंग याने डोक्याने मारलेला चेंडू बाजूच्या जाळीतील छिद्रातून आत शिरला आणि गोल ठरला. या वेळी हॉफेनहाइमची तक्रार फेटाळण्यात आली. वस्तुस्थितीबाबत पंचाचा निर्णय अंतिम, हेच त्यामागील कारण होते. एकच देश, एकाच प्रकारची चूक, तितकाच निर्विवाद पुरावा, आणि निवाडे मात्र परस्परविरुद्ध. सामना संपल्यावर चित्र पाहून न्याय देण्याचा मार्ग खुला ठेवला तर कोणताच निकाल निश्चित राहत नाही; बंद ठेवला तर जगाने डोळ्यांनी पाहिलेले असत्य दफ्तरी सत्य म्हणून नोंदवावे लागते. या कोंडीतून सुटण्याचा एकच मार्ग उरला होता. चित्र पाहावयाचे तर सामना चालू असतानाच पाहिले पाहिजे.

२७ जून २०१० हा दिवस या दृष्टीने निर्णायक ठरला. त्या दिवशी ब्लूमफाँटेन येथे जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लँपर्डचा चेंडू रेषेच्या बराच आत पडूनही गोल दिला गेला नाही. त्याच रात्री जोहान्सबर्ग येथे मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या तेवेझचा गोल स्पष्ट ऑफसाइड असूनही ग्राह्य धरला गेला. त्याचे पुनर्दर्शन क्रीडागृहातील मोठ्या पडद्यावर झाले. खेळाडू पंचांना पडद्याकडे बोट दाखवीत होते, आणि जे सर्वांना दिसत होते त्याचा आधार घेण्याची मुभा एकट्या पंचांनाच नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये नियमकर्त्या आंतरराष्ट्रीय मंडळाने गोलरेषेवरील यंत्रांचा प्रस्ताव नाकारला होता. जुलै २०१२ मध्ये त्याच मंडळाने तो स्वीकारला.

५

निर्णय चित्र पाहून द्यावा ही कल्पना मराठी वाचकास क्रिकेटमुळे परिचित आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन येथील कसोटीत सचिन तेंडुलकर हा तिसऱ्या पंचाने धावबाद ठरविलेला पहिला फलंदाज झाला. परंतु क्रिकेटचा खेळ प्रत्येक चेंडूनंतर आपोआप थांबतो, आणि दाद मागण्याची प्रथा त्यात प्रथमपासून जिवंत आहे. फुटबॉलमध्ये खेळ थांबविणे हाच एक निर्णय असतो, आणि दाद मागण्याची प्रथा तर त्या खेळाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतः होऊन टाकून दिली होती. म्हणून येथे हा बदल पाव शतक उशिरा व अधिक संकोचाने झाला.

मार्च २०१६ मध्ये प्रयोगास संमती मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका दुय्यम लीगमध्ये आणि सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सच्या चषक स्पर्धेत तो प्रत्यक्ष करण्यात आला. २०१७–१८ च्या हंगामात जर्मनी व इटली येथील प्रमुख लीगांनी, आणि २०१९–२० पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ही पद्धती घेतली. तिचे क्षेत्र आरंभी मुद्दाम आखून दिलेले होते: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूस झालेली शिक्षा. या चार बाबतींतच, आणि तेही चूक 'स्पष्ट व उघड' असेल तरच, पडद्यासमोर बसलेल्या साहाय्यक पंचाने मुख्य पंचास सूचना द्यावयाची. अखेरचा निर्णय मुख्य पंचाचाच राहतो, असे नियम सांगतो.

रशियातील २०१८ च्या विश्वचषकात २९ पेनल्टी देण्यात आल्या. त्यापूर्वीचा उच्चांक १८ होता. फिफाने आपल्या पंचांची अचूकता ९९ टक्क्यांवर गेल्याचे जाहीर केले. हा आकडा वापरताना इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. ज्या संस्थेने निर्णय दिले तिनेच ते बरोबर ठरविले आहेत. आणि निर्णय बरोबर की चूक हे जेथे मतावर अवलंबून असते तेथे टक्केवारी कशाची काढली, हा प्रश्न राहतोच.

याच ठिकाणी विषयाचे मर्म आहे. पंचाचे निर्णय दोन जातींचे असतात. चेंडू रेषेपार गेला काय, खेळाडू ऑफसाइड जागी होता काय, हे प्रश्न मोजमापाचे आहेत. हात चेंडूला मुद्दाम लागला काय, धक्का बेपर्वाईचा होता काय, हे प्रश्न न्यायबुद्धीचे आहेत. पहिल्या जातीत यंत्राचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. कतार येथील २०२२ च्या विश्वचषकात बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू टिपत होते आणि चेंडूतील संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवीत होता; कोणताही मानवी डोळा या कामास पुरा पडणार नाही. दुसऱ्या जातीत मात्र यंत्र केवळ चित्र दाखविते. अर्थ माणसालाच लावावा लागतो. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्को येथील अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला चेंडू लागल्याचा प्रसंग अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना यांनी पडद्यावर पाहिला. ते परत फिरले आणि पुन्हा पाहण्यास वळले. अखेर पेनल्टी दिली गेली व फ्रान्सला २–१ अशी आघाडी मिळाली. हाताला चेंडू लागला होता, याबद्दल शंका नव्हती. जी शंका होती ती अर्थाविषयी होती, आणि तिचे निरसन पुन्हा पाहून होणारे नव्हते. उलट, मंदगतीने दाखविलेली कृती पाहणाऱ्यास अधिक हेतुपुरस्सर वाटते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय प्रयोगांत आढळून आले आहे.

याचा परिणाम नियमांवरही झाला. हातचेंडूचा नियम २०१९ साली नव्याने लिहावा लागला, २०२१ साली त्यात पुन्हा दुरुस्ती झाली. धावत्या पंचाच्या विवेकासाठी लिहिलेला नियम स्थिर चित्राच्या कसोटीस लावला की त्यातील मोकळी जागा दोषासारखी दिसू लागते, आणि ती भरण्याच्या प्रयत्नात नियम अधिकाधिक क्लिष्ट होत जातो.

६

पाहणे निर्दोष असूनही निर्णय सदोष होऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये घडले. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझने केलेला गोल मैदानावर ऑफसाइड म्हणून नाकारण्यात आला. पडद्यासमोरील पंचाने चित्र तपासले. खेळाडू ऑफसाइड नव्हता, हे त्याला बरोबर दिसले. परंतु मैदानावर गोल दिला गेला आहे अशी त्याची समजूत झाली होती. म्हणून 'तपासणी पूर्ण' एवढेच त्याने कळविले, आणि मैदानावरील पंचाने त्याचा अर्थ आपला नकार कायम असा घेतला. काही सेकंदांत चूक उमगली. तोवर खेळ सुरू झाला होता, आणि सुरू झालेला खेळ मागे नेण्यास नियमाची परवानगी नव्हती. टॉटनहॅमने सामना २–१ असा जिंकला. काही दिवसांनी पंचसंस्थेने दोघांमधील संभाषणाचे ध्वनिमुद्रणच प्रसिद्ध केले.

या प्रसंगाकडे १८९१ च्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. त्या वर्षी पाहणारा, ठरविणारा आणि जबाबदार असणारा अशा तिघांना एका माणसात एकत्र आणले होते. व्हिडिओ-पडताळणीने त्यांची पुन्हा फारकत केली. पाहणारा एका खोलीत आणि ठरविणारा मैदानात असला की त्यांच्यामध्ये भाषा येते, आणि भाषेबरोबर गैरसमजही येतो. जुन्या व्यवस्थेत रेफ्री मैदानाबाहेर होता व प्रकरण त्याच्याकडे जात असे. आज मैदानाबाहेरचा साहाय्यक प्रकरण आत पाठवितो. दिशा बदलली असली तरी रचना ओळखीची आहे. एवढेच काय, २०२४ पासून फिफाने एका सोप्या पद्धतीचे प्रयोग सुरू केले असून त्यांत प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकास ठराविक वेळा पडताळणीची मागणी करता येते. म्हणजे खेळाने टाकून दिलेली दाद मागण्याची प्रथा मागील दाराने परत आली आहे.

इतिहासाची पुनरावृत्ती होते असे येथे सुचवावयाचे नाही. अंपायर संघांचे होते. आजचे साहाय्यक पंच तटस्थ आहेत, आणि हा भेद मोठा आहे. शिवाय १८९१ पूर्वीच्या स्थितीकडे जाण्याची कोणाचीच इच्छा नाही. जून २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधील वीस क्लबांपुढे ही पद्धती रद्द करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो एक विरुद्ध एकोणीस मतांनी फेटाळला गेला. उलट बाजूस, ज्या देशात क्लबांची सत्ता सभासदांच्या हाती आहे त्या स्वीडनने त्याच वर्षी ही पद्धती स्वीकारण्याचे नाकारले. हे दोन निर्णय शेजारी ठेवले असता दिसते की प्रश्न केवळ अचूकतेचा नाही. एका चुकीची किंमत ज्यांना कोट्यवधींत मोजावी लागते त्यांना निश्चिती हवी आहे. गोल होताच आनंद करण्यासाठी जे मैदानात येतात त्यांना तो आनंद तपासणी संपेपर्यंत तहकूब ठेवणे मान्य नाही.

७

पंचगिरीच्या दर्जाचा प्रश्न मग कोठे उभा राहतो? इंग्लंडमध्ये खेळाडू व्यावसायिक झाले १८८५ साली. वरच्या श्रेणीच्या पंचांना पूर्णवेळ व्यवसाय म्हणून हे काम मिळाले २००१ साली. मधली ११६ वर्षे वेतन घेणाऱ्या खेळाडूंचा न्याय आठवडाभर दुसरी नोकरी करणारी माणसे करीत होती. दर्जाविषयीच्या चर्चेत या वस्तुस्थितीला यंत्रांपेक्षा अधिक महत्त्व दिले पाहिजे, असे मला वाटते.

आपल्या देशातील एक प्रसंग या विधानास पूरक आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूर येथे भारतीय सुपर लीगच्या बाद फेरीत, जादा वेळेत, सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची बचावफळी सज्ज होण्यापूर्वीच फ्री किक घेऊन गोल केला. पंचाने तो ग्राह्य धरला. केरळचा संघ मैदान सोडून गेला आणि पुढे त्यास चार कोटी रुपये दंड झाला. गोवा व मुंबई येथील संघ ज्या लीगमध्ये खेळत होते तिच्यात त्या वेळी व्हिडिओ-पडताळणी नव्हती, आणि त्यानंतर ती आणण्याची मागणी जोराने झाली. परंतु वाद होता तो पंचाने खेळाडूंना काय सांगितले, कोणती खूण केली, आणि खेळ सुरू करण्यास संमती दिली की नाही, याविषयी. चेंडू जाळीत गेला हे तर सर्वांनाच दिसले होते. येथे उणीव भासली ती दोन्ही संघांना एकाच वेळी एकच अर्थ कळेल अशा स्पष्ट अधिकारवाणीची.

यावरून निष्कर्ष असा निघतो. मोजमापाच्या प्रश्नांत पंचाचा डोळा यंत्राकडे सोपविण्यात इतिहासाच्या दृष्टीने काही गैर नाही. १९६६ व २०१० च्या प्रसंगांनी ती आवश्यकता पुरेशी सिद्ध केली आहे. न्यायबुद्धीच्या प्रश्नांत मात्र एका ओळखता येणाऱ्या माणसाने, सर्वांसमक्ष, निर्णय द्यावा आणि त्याची जबाबदारी घ्यावी, हीच १८९१ सालची खरी कमाई होती. २०२३ सालापासून फिफाच्या काही स्पर्धांत पंच आपला पडताळणीनंतरचा निर्णय ध्वनिक्षेपकावरून क्रीडागृहास सांगू लागले आहेत. ही लहानशी सुधारणा अनेक कॅमेऱ्यांपेक्षा अधिक महत्त्वाची ठरण्याचा संभव आहे. कारण निवाडा ऐकणाऱ्यांना तो पटला नाही तरी चालते. तो कोणी दिला आणि का दिला, हे त्यांना कळले पाहिजे.